मुलांचं बेसबॉल-सॉफ्टबॉल: रडार, सेन्सर, लॅब यांवर किती खर्च करावा?

अमेरिकेत मूल ट्रॅव्हल टीममध्ये गेलं की पहिल्याच हिवाळ्यात घरात विषय निघतो: रडार घ्यायचं का, बॅटला सेन्सर लावायचा का, टीममधल्या कुणी लॅबमध्ये तपासणी करून घेतली, आपणही करावी का? न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांत आईवडील बहुधा क्रिकेट बघत वाढलेले. पिचिंगचं शास्त्र त्यांना नवीन, त्यामुळे विकणारा सांगेल ते पटतं. माझं मत असं की बारा-तेरा वर्षांपर्यंत ५० डॉलरच्या आत भागतं. पुढे पैसे घालायचेच तर यंत्रापेक्षा त्याचे आकडे वाचता येणाऱ्या माणसावर घालावेत.

सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही नियमावली काढली. तिच्यात दिवसाला ९-१० वर्षांसाठी ७५, ११-१२ साठी ८५ आणि १३-१४ साठी ९५ फेकी ही मर्यादा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त फेकी केल्या, तर चार दिवस विश्रांती. अडचण अशी की मूल दोन टीममधून खेळत असेल, तर प्रत्येक कोच आपल्यापुरतं मोजतो. एकूण बेरीज कुणाकडेच नसते, म्हणून फेकींची नोंद ठेवणारी एक वही घरातच हवी. बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने दहा वर्षं मुलांचा मागोवा घेतला. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग्ज पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट दिसला. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या पालकांनीही ही वही ठेवावी. हात खालून फिरतो म्हणून खांद्यावर ताण येत नाही, हा गैरसमज आहे, आणि अनेक स्पर्धांत फेकींच्या संख्येवर बंधनच नसतं.

पहिला खरा खर्च फोनच्या स्टँडचा, २५-३० डॉलर. आजचे बहुतेक चांगले फोन सेकंदाला २४० फ्रेम टिपतात. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत पुढचा पाय टेकताना चेंडूचा हात कुठवर आला आहे ते दिसतं, समोरून घेतलेल्यात पाऊल होम प्लेटच्या रेषेत पडतं का ते. एवढ्यावर चांगला कोच महिनाभर काम करू शकतो. पण फोनची मर्यादाही लक्षात घ्या. चेंडू सुटताना खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने आत फिरतो. म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये हात जवळजवळ ३० अंश फिरून गेलेला असतो! त्यामुळे फोनच्या व्हिडिओवरून कोपरावरचा ताण सांगणाऱ्या अ‍ॅपचा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

हातात मावणारं पॉकेट रडार साधारण ३०० डॉलरला, व्हिडिओ अ‍ॅपशी जोडणारं ४०० च्या आसपास मिळतं. ते कॅचरच्या किंवा पिचरच्या बरोबर मागे, फेकीच्या रेषेत धरायचं. वीस अंश बाजूला उभं राहिलात तर ६० मैलांची फेक ५६ दिसते, आणि घरी उगाच वाद होतो. टीमने मिळून एक घेतलं तर पुरतं.

बॅटच्या मुठीला लागणारे ब्लास्ट मोशन किंवा डायमंड कायनेटिक्सचे सेन्सर शंभर-दीडशे डॉलरचे. खरा खर्च सबस्क्रिप्शनचा असतो, तेव्हा तीन वर्षांचा हिशेब करूनच घ्या. सेन्सरला बॅटचा वेग आणि कोन कळतो; चेंडू किती दूर गेला, हे कळत नाही. मूल तेरा वर्षांखालचं असेल, तर अमेरिकी कायद्याप्रमाणे त्याची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. सबस्क्रिप्शन बंद केल्यावर माहिती मिळते की पुसली जाते, ते आधीच विचारा.

चेंडूचा मार्ग मोजणारी रॅप्सोडो किंवा हिटट्रॅक्ससारखी यंत्रं विकत घेऊ नका. किंमत हजारांत जाते आणि बऱ्याच इनडोअर केजमध्ये ती तासाच्या भाड्यात वापरायला मिळतात. चेंडूची फिरकी आणि तिचा अक्ष हे आकडे पंधरा-सोळाच्या पुढे, नवी फेक शिकताना खरोखर उपयोगी पडतात.

आता लॅब. सिअ‍ॅटलजवळच्या केंट गावातलं ड्राइव्हलाइन किंवा वर उल्लेख केलेली बर्मिंगहॅमची संस्था अशा ठिकाणी अनेक वेगवान कॅमेऱ्यांनी हालचाल मोजतात. काही ठिकाणी त्यासाठी अंगावर चकाकते ठिपके लावतात. खर्च काहीशे डॉलरपासून हजाराच्या वर जातो, प्रवास आणि हॉटेल वेगळं. पैसे भरण्याआधी विचारा: अहवाल कोण समजावून सांगणार, किती वेळ? तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या, वजनाच्या मुलांशी होणार का? अंग मोठं झालं की कोपरावरचा ताण वाढतोच, त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. पुन्हा तपासणीचे किती? एकदाच मोजून काय सुधारलं ते कळत नाही, म्हणून बजेट दोन तपासण्यांचं धरा. ते झेपत नसेल तर हेच पैसे चांगल्या कोचच्या शिकवण्यांवर घाला.

तपासणीनंतर वजनदार चेंडूंचा कार्यक्रम सुचवला गेला तर थांबून विचार करा. २०१८ साली १३ ते १८ वयाच्या मुलांवर झालेल्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात वेग वाढला, पण ते चेंडू वापरणाऱ्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. दुसऱ्या गटात त्या काळात एकालाही झाली नाही.

आणि मुलाचा कोपर किंवा खांदा दुखत असेल, तर यांतलं काहीही नको. वाढत्या वयात तिथली हाडं पूर्ण जुळलेली नसतात. लॅबची वेळ घेतली असेल तर ती रद्द करा, पिचिंग बंद ठेवा आणि आधी मुलांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.