सिग्मा गाळण्याआधी



टेन्सरचं पहिलंच पान पाहून तू हबकलास, असं ताई सांगत होती. त्या पानावर बेरजेचा सिग्मा दिसत नाही, कारण आइन्स्टाइननं १९१६च्या सामान्य सापेक्षतेच्या निबंधात तो गाळून टाकला. एकाच पदात एखादा इंडेक्स दोनदा आला, की त्याच्या सगळ्या किमतींवर बेरीज घ्यायची. वेगळं सांगायचं नाही. हा आपला गणितातला मोठा शोध, असं तो मित्रापाशी थट्टेनं म्हणाल्याचं सांगतात. थट्टा खरी, पण सोयही मोठी: चार मितींतल्या अंतराच्या सूत्राची सोळा पदं 'जी-म्यू-न्यू, डीएक्स-म्यू, डीएक्स-न्यू' एवढ्यात मावतात.

घात होतो तोही इथंच.

'ए-आय बी-आय'चा वर्ग करायचा, तर मुलं तेच पुन्हा शेजारी लिहून मोकळी होतात. दोन मितींत ताडून बघ. 'ए'चे घटक १ आणि २, 'बी'चे ३ आणि ४. गुणाकारांची बेरीज ३ अधिक ८, म्हणजे ११, वर्ग १२१. पण चारदा आलेल्या 'आय'वर एकच बेरीज घेतलीस, तर ९ अधिक ६४, हाती ७३. मधले ४८ कुठे गेले? ती ३ गुणिले ८ची दुप्पट. तिरकी पदंच गळाली. म्हणून दुसऱ्या जोडीला 'जे' द्यायचं. असा दोनदा येणारा तो डमी इंडेक्स; त्याचं अक्षर बदलून किंमत बदलत नाही, मात्र एका पदात तो तिसऱ्यांदा दिसला की चूक झालीच.

एकदाच येतो तो फ्री इंडेक्स. त्याचं उदाहरण घरचंच आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी लोकांना इतिहासकार म्हणून ठाऊक, पण पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) होती, तेव्हाचे ते तिथले गणितज्ञ. पुण्याहून डेक्कन क्वीननं ये-जा करत. १९३३च्या त्यांच्या पथ-अवकाशांवरच्या निबंधाला एली कार्तानसारख्या गणितज्ञानं लगोलग टिपण जोडलं. त्या सिद्धांताचं मूळ समीकरण असं: 'एक्स-आय'चं दुसरं डेरिव्हेटिव्ह अधिक 'आल्फा-आय' बरोबर शून्य. दिसायला ओळ एक, पण जितक्या मिती तितकी समीकरणं.

तेव्हा पहिले काही आठवडे प्रत्येक सूत्र दोन मितींत उघडून लिही, कंटाळा आला तरी. दिवाळीत येशील तेव्हा वही आण, आणि सपाट कागदावर ध्रुवीय निर्देशक घेतले की अंतराच्या सूत्रातल्या चारांपैकी दोन पदं शून्य का होतात, ते मला करून दाखव.

तुझा,
मामा