माल गेला, बिल गेलं

२०१९च्या डिसेंबरात बँकेनं माझं खातं थकीत, म्हणजे एनपीए, केलं, तेव्हा माझ्या हिशेबाच्या वहीत नफा होता. सीएनं काढलेला ताळेबंद माझ्यासमोर होता. विक्री वाढलेली, खर्च आटोक्यात, शिल्लक चांगली. आणि घरात मुलाच्या कॉलेजची फी भरायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्या कुणाला ते दोन महिन्यांत कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं मशीन शॉप भिलाईत नंदिनी रोडच्या बाजूला आहे. वडील वर्ध्याहून साठच्या दशकात इथल्या स्टील प्लांटात नोकरीला आले. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या प्लांटाभोवती लहान कारखान्यांची साखळीच उभी राहिली आहे. प्लांटाचं काम मोठ्या ठेकेदाराला मिळतं, तो ते मधल्याला देतो, आणि पिन, बुश, शाफ्ट, कपलिंग कातायला शेवटी आमच्यासारख्या तीन लेथवाल्यांकडे येतं. साखळीत वरून खाली काम भराभर उतरतं. पैसे मात्र त्याच वाटेनं फार हळू येतात.

एका मधल्या ठेकेदारानं २०१८मध्ये काम द्यायला सुरुवात केली. पहिली सहा बिलं महिन्याच्या आत चुकती झाली. मग त्यानं काम वाढवलं. महिन्याला चार लाखांचं. मी खूश होतो. किरकोळ गिऱ्हाइकं सोडली, कारण त्यांचं एक-दोन नगाचं काम लेथ अडवून ठेवायचं. दहा रुपयांतले आठ रुपये आता एकाच माणसाकडून यायचे होते. २०१९च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पाच बिलं गेली आणि एकही आलं नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं: “वरून आलं नाही, भैया. आलं की पहिलं तुझं.”

एका महिन्याचा हिशेब मांडतो. बिल चार लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ हजार. स्टीलचे बार दोन लाखांचे घेतले, त्यावर भरलेला ३६ हजार कर वजा. उरलेले ३६ हजार मला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचेच होते. गिऱ्हाइकानं मला एक पैसा दिलेला नसला तरी. सरकार बिलाची तारीख बघतं, पैसे मिळाल्याची नाही. पाच महिन्यांत मी असे एक लाख ऐंशी हजार खिशातून भरले. त्यात मिस्त्र्यांचे पगार, वीज आणि टूलचे पैसे वेगळे.

याहून वाईट गाठ बँकेत बसली. कॅश क्रेडिटची मर्यादा १५ लाख होती, म्हणून ते पंधरा लाख आपलेच असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. दर महिन्याला आपण स्टॉक स्टेटमेंट देतो. शिल्लक माल आणि येणी यांतून २५ टक्के मार्जिन कापून बँक उचल ठरवते. आणि ९० दिवसांहून जुनं येणं बँक धरत नाही. जुलैत मी चिडून माल द्यायचा बंद केला. त्यामुळे नवी बिलं थांबली आणि जुनी एकेक करून नव्वद दिवसांपलीकडे गेली. सप्टेंबरात उचलीची मुभा सात लाखांच्याही खाली आली होती, आणि मी उचलले होते चौदा. माल देत राहिलो असतो तर आणखी बुडालो असतो. बंद केला म्हणून बँक अंगावर आली. मॅनेजर साहेबांनी नियम वाचून दाखवला. त्यांची चूक नव्हती. ते स्टेटमेंट दर महिन्याला माझ्याच सहीनं जात होतं आणि मी ते कधी धड वाचलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मे २०२०मध्ये केंद्रानं लहान उद्योगांसाठी हमीवरचं जादा कर्ज आणलं. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांची थकबाकी ६० दिवसांच्या आत होती, त्यांच्यासाठीच ते होतं. मी डिसेंबरातच बाहेर पडलो होतो. सगळ्यात जुना लेथ विकला तो याच काळात. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घेतलेला होता. तो ट्रकवर चढवताना पायाखाली वाळलेल्या कूलंटचा चौकोन उरला, तो पुसायचं मन अजून होत नाही.

वकिलाकडे गेलो तेव्हा त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “माल दिला तेव्हा तुमची नोंदणी होती का?” नव्हती. २००६चा एमएसएमई कायदा लहान पुरवठादाराच्या बाजूनं फार स्पष्ट आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. तंटा फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येतो, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. हे सगळं माझ्यासाठीच लिहिलेलं होतं, पण दारात उभं राहायला लागणारा कागद माझ्याकडे नव्हता. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की मागाहून केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या पुरवठ्याला मिळत नाही. हा मुद्दा पुढे मोठ्या पीठाकडे गेला आहे, पण त्या वादावर आपली बिलं कशाला टांगायची? शेवटी २३ लाख ६० हजारांपैकी १६ लाखांवर तडजोड केली. व्याज शून्य.

म्हणून उद्यम नोंदणी पहिला नग कातायच्या आधी करा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. चलनावर माल उतरवून घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे पोच नव्हे. वसुलीला बोलताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक, १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तुमच्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट गिऱ्हाइकाला व्याजासह परत करावं लागतं. दुसरी, २०२३-२४पासून आयकराच्या ४३-बी कलमात भर पडली आहे: सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला वजा करता येत नाही. हे धमकी म्हणून नको, त्याच्या अकाउंटंटच्या कानावर घाला. मालकापेक्षा अकाउंटंट लवकर ऐकतो. बिलं वटवून देणारे ट्रेड्सचे प्लॅटफॉर्म चांगले आहेत, २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे येणं आता बंधनकारकही आहे. पण साखळीतला मधला ठेकेदार एवढा मोठा नसतो, आणि अडकतो तो बहुधा त्याच्याच पायरीवर.

मला खरं शहाणपण मात्र माझ्या लेथवरच्या मिस्त्रीनं दिलं. तो धमधा भागातला. टोमॅटोचा पट्टा तो. तिघा भावांत तीन एकर, ठिबक आणि मल्चिंग घालून तिन्ही एकर टोमॅटो लावला होता त्यांनी. मीच त्याला म्हणायचो, धानात काय ठेवलंय, टोमॅटोत पैसा आहे. आणि होताही, भाव असेल त्या वर्षी. ज्या हिवाळ्यात भाव पडला त्या वेळी मी त्याच्या वावरात गेलो होतो. लाल झालेली फळं वेलीवर तशीच. तोडणीची मजुरी, पंचवीस किलोचं कॅरेट, मंडीपर्यंतचं भाडं, आडत, हे सगळं मिळून एका कॅरेटला जेवढं लागत होतं तेवढंही मंडीत मिळत नव्हतं. नोटबंदीनंतरच्या हिवाळ्यात, जानेवारी २०१७मध्ये, रायपुरात शेतकऱ्यांनी भाजी फुकट वाटली होती, ती रागानं. इथे तर रागही उरला नव्हता. त्याच्या आईनं एक टोपली भरून माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी दोन एकर पुन्हा धानाला दिले. आता त्यांचा हिशेब असा: सोसायटीत सरकारी खरेदी एकरी २१ क्विंटलपर्यंत, क्विंटलला ३१०० रुपयांनी, म्हणजे ६५,१०० रुपये. २०२४-२५च्या हंगामात त्यातले हमीभावाचे २३०० लगेच खात्यात आणि वरचा फरक मागाहून. “टमाटर मा जादा मिलथे,” तो म्हणाला, “फेर कब मिलही, कोन जानत हे.” जास्त मिळतं, पण कधी मिळेल कोण जाणे. मी टोमॅटोच पिकवत होतो की! एकच पीक, एकच मंडी, भाव आणि तारीख दोन्ही दुसऱ्याच्या हातात. धानाला भाव चांगला आहे यापेक्षा घेणारा ठरलेला आहे, हे मोठं. पीक निवडताना आणि गिऱ्हाईक निवडताना दराच्या शेजारी एक रकाना तारखेचा काढा. भाऊ उरलेल्या एकरात टोमॅटो लावतातच, पण रोपं पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं, म्हणजे सगळा माल एकाच आठवड्यात मंडीत जाऊन पडत नाही.

मी माझ्याकडे तसंच केलं आहे. कुठल्याही एका गिऱ्हाइकाचं काम एक-तृतीयांशावर जाऊ देत नाही. एक-दोन नगाचं किरकोळ काम रोख घेतो. सोडलेली जुनी गिऱ्हाइकं घरोघर जाऊन परत आणली. जीएसटीचं वेगळं खातं उघडलं आहे, पैसे आले की त्यातला कर त्याच संध्याकाळी तिकडे जातो. तीस दिवस झाले की फोन, पंचेचाळीस झाले की पुढचा माल थांबतो, मग तो माणूस कितीही जवळचा असो.

गेल्या महिन्यात एक ठेकेदार सहा लाखांचं काम घेऊन आला. ड्रॉइंग सुंदर होतं, ईएन-८ चे शाफ्ट, माझ्या हाताला बसणारं काम. मी निम्मं आगाऊ आणि बाकीच्याची लेखी तारीख मागितली. तो म्हणाला, इथे सगळे उधारीवरच देतात. मी म्हटलं, एक लॉट करून देतो, त्याचे पैसे आले की दुसरा. तो ड्रॉइंग गुंडाळून निघून गेला. दोन दिवस एक लेथ रिकामा होता. मी आणि मिस्त्रीनं त्याचं तेल बदललं, बेडवे पुसून घेतला. तिसऱ्या दिवशी जामुलहून एक जण तुटलेली पिन घेऊन आला, साडेसहाशे रुपयांचं काम. मिस्त्रीनं चकात बार धरला आणि मशीन सुरू केलं.