वणव्याचे चार शब्द

आज आपण चार शब्द शिकू.

वणवा : रानात पसरणारी आग. ती आपल्याकडे बहुधा माणसाच्या हातूनच लागते. मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतो. वारा सुटला की आग हाताबाहेर जाते.

जाळरेषा : उन्हाळ्याआधी गवत कापून, जाळून साफ केलेला पट्टा. जळायला काही उरले नाही, की आग अडते. पण ठिणगी पलीकडे उडू शकते. म्हणून राखण हवीच.

तोंड : आग ज्या बाजूला धावते ती बाजू. तोंडासमोर कधी उभे राहू नये. चढावर आग फार वेगाने जाते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला थांबू नये. बाजूने जावे, ओल्या डहाळ्यांनी झोडपावे. पळायची वाट आधी पाहून ठेवावी.

धुमस : ज्वाळा गेल्या तरी ओंडक्यात आग राहते. माती टाकायची, हात जवळ नेऊन ऊब लागते का बघायचं, मगच घरी जायचं.

मोह वेचताना आपण पाला झाडून बाजूला करू. वेळ थोडा जास्त लागेल, पण रान राहील.