‘अबेट’ पाठ आहे, उतारा मात्र अडतो

दहावीचा निकाल लागला की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरकडचे पालक समुपदेशकांना गाठतात आणि शाखेच्याही आधी इंग्रजीचं विचारतात. ‘पोरगं मराठी शाळेत शिकलं, सायन्स झेपेल का?’ ‘मुलीला अवघड इंग्रजी शब्द येत नाहीत, कोणता क्लास लावू?’ दरवर्षी हेच प्रश्न आणि हीच धास्ती. क्लासेसचे फलकही नेमके याच धास्तीवर बोट ठेवतात: रोज पन्नास शब्द, दोन महिन्यांत ‘हायर व्होकॅब्युलरी’, फाडफाड इंग्रजी. बाप फी भरतो, पोरगं वही आणतं आणि घोकंपट्टीला बसतं. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा पैसा आणि वेळ वाया जातो, हे पालकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

अशी एखादी वही उघडून पाहावी. तीन रकाने आखलेले असतात: शब्द, अर्थ, वाक्य. पहिले दोन भरगच्च, तिसरा बहुधा कोरा. शब्द इंग्रजी वर्णक्रमाने आलेले: अबेट, अबेयन्स, ॲब्स्कॉन्ड, ॲब्स्टीमियस. ‘सी’ किंवा ‘डी’पर्यंत पोचता पोचता कॉलेज सुरू होतं आणि वही बंद पडते.

यातला ‘अबेट’ घेऊ. वहीत अर्थ लिहिलेला असतो ‘कमी होणे’. हा अर्थ पाठ केलेल्या मुलाला वाक्य करायला सांगितलं, तर तो सरळ लिहील की सोयाबीनचा भाव अबेट झाला. इंग्रजीत वादळ, पूर, वेदना, राग अबेट होतात. भाव होत नाही. मराठीत तरी काय वेगळं आहे? पूर ओसरतो, भाव पडतो आणि ताप उतरतो. ‘भाव ओसरला’ असं खामगावच्या कापूस बाजारात कुणी बोलणार नाही. कोणता शब्द कुणाच्या जोडीला बसतो हे माणूस वाचून आणि ऐकून शिकतो. यादीत ही जोडी कुठेच दिसत नाही.

या याद्या मुळात अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार झाल्या. गंमत अशी की त्या परीक्षांनीच ही वाट सोडली आहे. सॅटमधून शब्दजोड्यांचे प्रश्न २००५ साली गेले आणि २०१६ च्या बदलात दुर्मिळ शब्दांवरचा भरही गेला. जीआरईने २०११ साली सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी विचारणं बंद केलं. आता तिथे शब्द वाक्यात आणि उताऱ्यातच विचारला जातो. आपल्याकडच्या वह्यांत मात्र जुनी यादी अजून नांदते आहे.

सरकारी परीक्षांचं थोडक्यात सांगता येईल. एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला २०० गुण असतात. एसएससीच्या पदवीस्तर परीक्षेत पहिल्या टप्प्यावर २५ प्रश्न इंग्रजीचे येतात. दोन्हीकडे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतात. तिथे यादी लागते, पण ती मागच्या प्रश्नपत्रिकांतून मुलाने स्वतः काढलेली. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर फक्त पात्रतेचा आहे. २५ टक्के मिळाले की झालं, ते गुण अंतिम यादीत धरत नाहीत. प्रवेश परीक्षांपैकी ‘नीट’ ही परीक्षा मराठीतून देता येते. एमएचटी-सीईटीतही गणित सोडून बाकीचे विषय मराठीत मिळतात.

अकरावी सायन्सला मराठी शाळेतलं मूल अडतं ते निराळ्याच शब्दांपाशी. ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘व्हेअरॲज’, ‘हेन्स’, ‘निग्लिजिबल’, ‘प्रपोर्शनल’. फिजिक्सच्या पुस्तकात दोन वस्तूंची वस्तुमानं रिस्पेक्टिव्हली दोन आणि तीन किलो दिलेली असतात, आणि कोणती कुणाची हे न कळल्याने सोपं गणित सुटत नाही. ‘अनुक्रमे’ हा शब्द मुलाला दहावीपासून ठाऊक आहे. ‘नगण्य’ आणि ‘समानुपाती’सुद्धा. कल्पना डोक्यात तयार आहे, फक्त तिचं इंग्रजी नाव हवं आहे.

यावर उपाय आहे आणि त्याला दमडीही लागत नाही. बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांत संकेतस्थळावर मोफत मिळतात. मे-जूनच्या सुट्टीत ती शेजारी ठेवावीत. आधी धडा मराठीत वाचायचा, लगेच तोच इंग्रजीत, आणि अडलेला शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवायचा. अभ्यास झालेलाच असल्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं.

किती शब्द पुरतात, याचाही अभ्यास झालेला आहे. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने बंगालमधल्या मुलांना शिकवताना हा प्रश्न हाती घेतला आणि १९५३ मध्ये सुमारे २,००० नित्याच्या शब्दांची यादी छापली. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयांत वारंवार येणारे ५७० शब्दगट निवडले. शैक्षणिक मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा या शब्दगटांनी व्यापलेला असतो. ‘ॲब्स्टीमियस’च्या मागे लागण्याआधी या दोन टप्प्यांत काय येतं आणि काय नाही, एवढं तपासलं तरी पुष्कळ. पुढचे शब्द विषयातून येऊ द्यावेत. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. त्या बातम्या इंग्रजीतून वाचणाऱ्या लोणारच्या मुलाला ‘सलाइन’, ‘अल्कलाइन’, ‘क्रेटर’, ‘इम्पॅक्ट’ हे शब्द एकदम भेटतात आणि पाठ न करता राहतात, कारण ते सरोवर त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पालकांविषयी मात्र सविस्तर आणि कडक बोलायला हवं. पाहुणे आले की मुलाला उभं करून ‘काकांना इंग्रजीत सांग’ म्हणणं थांबवावं. चारचौघांत अडखळलेलं मूल पुढे महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. आठवी-नववीत मराठी माध्यमातून उचलून इंग्रजी शाळेत घालण्याचा हट्टही घातक आहे. समजलेलं विज्ञान, समजलेला इतिहास हातातून सुटतो, नवी भाषा लगेच येत नाही, आणि गुण घसरले की दोष मुलाच्या माथी येतो. शेजारच्याचं पोरगं इंग्रजीत बोलतं, हे माध्यम बदलण्याचं कारण होऊ शकत नाही. सेमी इंग्रजी घ्यायचंच असेल, तर वर्गात शिक्षक इंग्रजीतून खरोखर शिकवतात की पुस्तक तेवढं इंग्रजी आहे, हे शाळेत जाऊन विचारावं. स्वतःला इंग्रजी येत नाही याची खंत असलेले आईवडील ती खंत मुलाच्या पाठीवर लादतात आणि त्याला शिस्त म्हणतात. त्यापेक्षा रोज संध्याकाळी मुलाला इंग्रजी पान वाचायला लावून ‘यात काय लिहिलंय, मला मराठीत सांग’ एवढं विचारावं. न शिकलेली आईसुद्धा हे करू शकते, आणि मुलाला समजलं की नाही हे तिला पटकन कळतं.

बुलढाण्यालाच याचा जुना दाखला आहे. ताराबाई शिंदे यांच्या काळात तिथे मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. तिने १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती मराठीत. तिचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आला १९९४ मध्ये, रोझलिंड ओ’हॅनलन या ब्रिटिश इतिहास-अभ्यासक बाईंच्या हातून. इतक्या वर्षांत हे काम जिल्ह्यातल्या एखाद्या दुभाषी मुलामुलीकडून व्हायला हवं होतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

अनुवाद हे करिअर म्हणून पालकांच्या बोलण्यातही येत नाही. राज्याच्या भाषा संचालनालयात अनुवादकांची पदं आहेत, उच्च न्यायालयात भाषांतरकार लागतात आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीतही उपलब्ध करून दिले जातात. यंत्र पहिला मसुदा करतं, पण तो तपासायला दोन्ही भाषा नीट येणारं माणूसच लागतं. सायन्स न झेपणाऱ्या, पण चांगलं वाचणाऱ्या मुलाला कुठल्या तरी शाखेत ढकलण्यापेक्षा हा रस्ता दाखवावा. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी भरतात. त्याच्या एका पात्रतेत हिंदीची एम.ए. आणि पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरतानाच इंग्रजी ठेवली आहे ना, हे पाहून घ्यावं. एम.ए. झाल्यावर ती उणीव सहज भरून काढता येत नाही.