मदतीचं ॲप सुरू होत नाही? आधी हे बघा



खरिपाची ई-पीक पाहणी चालू झाल्यापासून कंपनीच्या नंबरवर एक तक्रार सारखी येते आहे. "सर, तुम्ही सांगितलेलं ॲप टाकलं, पण ते नीट चालूच होत नाही." पाहणीचं ॲप नव्हे, मदतीचं. म्हणजे टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट. त्यातून मार्केट यार्डातल्या ऑफिसात बसून आम्हाला तुमच्या मोबाईलची स्क्रीन दिसते आणि कुठलं बटण दाबायचं ते सांगता येतं.

*पहिली गोष्ट, ॲप आलं कुठून?* प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर पुढे वाचा. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाईल टाकली असेल तर ती आत्ताच काढून टाका, मग पाठवणारा पाहुणा का असेना. ॲन्ड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर अशा ॲपला काही परवानग्या देताना 'प्रतिबंधित सेटिंग' असा निरोप येतो. बरेच जण तो बिघाड समजतात आणि यूट्यूब बघून ते बंधन काढतात. तो बिघाड नाही, फोन तुम्हाला अडवतोय. अडवू द्या.

*ॲप उघडतं, पण आयडी नंबर येत नाही.* आधी फोनची तारीख बघा. हसू नका, बॅटरी पूर्ण उतरलेला जुना फोन चालू केला की तारीख कधी कधी मागे गेलेली असते. ॲप समोरच्या सर्व्हरचा दाखला तपासतं आणि त्या दाखल्याला मुदत असते, बियाण्याच्या पिशवीवर असते तशी. तुमच्या फोनची तारीख चुकली की चालू मुदतीचा दाखलाही त्याला खोटा वाटतो आणि जोडणी होत नाही. सेटिंगमध्ये 'तारीख आणि वेळ' शोधा, 'आपोआप' चालू करा, फोन बंद करून परत सुरू करा. तरी नंबर आला नाही तर डेटा सेव्हर आणि व्हीपीएन बंद करा. फोन फोटो-व्हिडिओने गच्च भरला असेल तर थोडी जागा करा. आणि रेंजची एक काडी असलेल्या ठिकाणी बसून प्रयत्न करू नका, ओसरीत या.

*आयडी येतो, पण जोडणी मध्येच तुटते.* हे बहुतेक वेळा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे होतं. तुम्ही पाहणीच्या ॲपवर गेलात की मागचं मदतीचं ॲप फोन परस्पर बंद करतो. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीला 'निर्बंध नाहीत' करा. काम झालं की परत पहिल्यासारखं करा.

*जोडणी झाली, पण आम्हाला काहीच दिसत नाही.* 'स्क्रीन शेअर करायची का' या प्रश्नाला तुम्ही 'रद्द करा' दाबलेलं असतं. नव्या फोनवर 'एकच ॲप की पूर्ण स्क्रीन' असंही विचारतात. एकच ॲप निवडलं तर आम्हाला तेवढंच दिसतं. बँकेचं ॲप उघडल्यावर आमच्याकडे काळा पडदा येतो, तो मुद्दामच ठेवलेला आहे. काही बँकांची ॲप तर असं मदतीचं ॲप फोनवर असताना उघडतच नाहीत. तेही बरोबर आहे.

आता जरा खडसावून सांगतो. क्विकसपोर्ट कधी कधी जास्तीचं 'ॲड-ऑन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतं. ती दिली की समोरचा नुसतं बघत नाही, तुमच्या फोनवर स्वतः बटणं दाबू शकतो. पीक पाहणीला आम्हाला त्याची गरज नाही. कंपनीचं नाव सांगून कुणी ती मागितली तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या अशाच ॲपमधून खात्यातले पैसे काढले जातात म्हणून बँकांना सावध केलं होतं. हल्ली पीएम किसानच्या नावाने एपीके फिरतात, तो प्रकारही याच वळणाचा. ॲप वाईट नाही, ते कुणाच्या हातात देतो त्यावर आहे. संशय आला तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. पहिला तास महत्त्वाचा असतो.

खरं सांगायचं तर निम्म्या कामांना हे ॲप लागतच नाही. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर करता येते, आणि त्यात समोरच्याला बटण दाबता येत नाही. मात्र स्क्रीन दाखवताना आलेला ओटीपी समोरच्यालाही दिसतो, म्हणून त्या वेळेत बँकेचं किंवा यूपीआयचं काम अजिबात करू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. नोंदणी, गट नंबर निवडणं, पीक आणि क्षेत्र भरणं यात घरबसल्या मदत होईल. पिकाचा फोटो मात्र शेतात उभं राहूनच काढायचा आहे, ॲप तुमचं ठिकाण बघतं. तो आम्हाला ऑफिसातून काढता येत नाही.

मदत हवी असेल तर या नंबरवर फक्त 'पाहणी' आणि गावाचं नाव पाठवा, आम्ही फोन करू. आयडी ग्रुपवर टाकू नका, फोनवर बोलतानाच सांगा. सातबारा जवळ ठेवा आणि मोबाईल चार्ज करून बसा.