दाबाची मापे : पौंड व किलो यांचा मेळ

भारतात १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून ही मापे टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. शेर, मण व वार बाजारातून गेले. दाबाच्या बाबतीत मात्र जुने माप टिकून आहे. टायरमधील हवा आजही पौंडांत सांगितली जाते, तर पाईपवर किलोचा आकडा छापलेला असतो. या दोहोंची गल्लत झाल्यास दाब चौदा पट चुकतो. फवारणी यंत्रावर ४० पौंडांऐवजी ४० किलो दाब चढविल्यास नळी फुटून विषारी औषध अंगावर उडण्याचा धोका असतो.

मापांचा अर्थ

दाब म्हणजे ठराविक क्षेत्रफळावर पडणारा भार. ‘पौंड’ याचा येथे अर्थ दर चौरस इंचावर पडणारा एक पौंड भार, आणि ‘किलो’ याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा एक किलोग्रॅम भार. एक किलो दाब म्हणजे १४.२२ पौंड. काही तबकड्यांवर ‘बार’ हे माप असते. एक बार म्हणजे १४.५ पौंड किंवा १.०२ किलो, म्हणून शेतीच्या कामापुरते बार व किलो सारखेच धरण्यास हरकत नाही.

तोंडी हिशेब

पौंडांचे किलो करावयाचे असल्यास आकड्याला ७ ने गुणून १०० ने भागावे. उदाहरणार्थ, ४० गुणिले ७ म्हणजे २८०, म्हणजेच २.८ किलो. किलोचे पौंड करावयाचे असल्यास १४ ने गुणावे. नेमके आकडे पुढीलप्रमाणे :

१५ पौंड = १.०५ किलो
३० पौंड = २.११ किलो
४० पौंड = २.८१ किलो
६० पौंड = ४.२२ किलो

पाण्याची उंची व दाब

एक चौरस सेंटिमीटर तळाची १० मीटर उंच नळी भरण्यास एक लिटर पाणी लागते व त्याचे वजन एक किलो भरते. म्हणून पाणी दर १० मीटर वर चढविण्यास एक किलो दाब लागतो. फुटांचा हिशेब करणाऱ्यांनी दर २.३१ फुटांस एक पौंड धरावा.

मुरबाड व शहापूर तालुक्यांत काळू, भातसा या नद्यांच्या खोऱ्यांतील जमीन बरीच उताराची आहे. भातकापणीनंतर भाजीपाला करताना पाणी वरच्या खाचरांपर्यंत चढवावे लागते. समजा, पंपापासून मळा १८ मीटर उंचीवर आहे. चढासाठी १.८ किलो, ठिबक संचासाठी १ किलो व पाईपमधील घर्षणासाठी अंदाजे ०.३ किलो धरल्यास एकूण दाब ३.१ किलो, म्हणजे सुमारे ४४ पौंड होतो. येथे २.५ किलो वर्गाचा पाईप स्वस्त म्हणून घेतल्यास तो फुटण्याचा संभव आहे. निदान ४ किलो वर्गाचा घ्यावा. पंप एकाएकी बंद पडताच पाण्याचा धक्का बसतो, तेव्हा ही अधिक ताकद उपयोगी पडते.

घ्यावयाची काळजी

१. तबकडीवर दोन वर्तुळे असल्यास कोणते कोणत्या मापाचे आहे, हे प्रथम वाचावे.
२. आकड्याबरोबर माप अवश्य सांगावे. नुसते ‘तीस ठेवा’ असे सांगू नये.
३. पंप बंद असता काटा शून्यावर येत नसल्यास दाबमापक बदलावा.
४. फवारणी पंपाची टाकी अथवा नळी उघडण्यापूर्वी दाब पूर्णपणे उतरवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक पंपाजवळ त्याचा योग्य दाब पौंड व किलो या दोन्ही मापांत रंगाने लिहून घ्यावा. या अल्प श्रमाने पाईपचा खर्च वाचेल व फवारणी करणाऱ्याचा जीवही सुरक्षित राहील.