तो पोर्ट आजच बंद कर

शीव कोळीवाडा

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईकडून कळलं, ऑफिसचे कॉम्प्युटर आता तू सांभाळतोस आणि हिशेबाचं मशीन रात्री घरून चालवता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून दिलास. काम अडू नये ही तुझी तळमळ कळते. पण तो पोर्ट आजच बंद कर.

मी उगाच घाबरवतोय असं वाटलं, तर त्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघड आणि सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ क्रमांक शोध. फसलेलं लॉगिन तिथे नोंदलेलं असतं. ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘बॅकअप’ अशी नावं रात्रभर कोणी लावून बघत असेल, तर तिथेच दिसेल. उघडे पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्रॅम असतात ते. कंपनी लहान की मोठी, त्यांना फरक पडत नाही. पोर्टचा नंबर बदलूनही भागत नाही, तोही सापडतो.

रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आतूनच उघडायचा, आणि पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड हवाच. मालक कटकट म्हणतील, तरी हट्ट सोडू नकोस. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनमध्ये चोर शिरले ते व्हीपीएनमधूनच! खातं वापरात नव्हतं, पण कोणी बंदही केलं नव्हतं. पासवर्ड फुटलेला आणि कोडची अट नाही. इंधनाची पाइपलाइन थांबली, ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी द्यावी लागली. तुमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्यांची किती खाती अजून चालू आहेत, ते आधी बघ. यापुढे माणूस गेला की त्याच संध्याकाळी खातं बंद.

आत आलेल्यालाही फक्त त्याचंच मशीन दिसू दे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कवरून पार आपल्या न्हावा शेवापर्यंत पोचला आणि जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. अशा वेळी हाताशी असावी म्हणून बॅकअपची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढ आणि ती डिस्क एरवी जोडलेली ठेवू नकोस.

एवढं करूनही कोणी शिरलंच, तर घाईने फॉरमॅट मारू नकोस, पुरावा जातो. नेटवर्कची केबल काढ, मालकांना सांग. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे तिला ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

राउटरचा पासवर्ड मला व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. रविवारी इकडेच ये, जीटीबी नगरला उतरून फोन कर; दोघं बसून व्हीपीएन लावू.

तुझा,
मामा